निळ्यावर निळी चौदा पानं

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांच्या निरोपासाठी जमलो त्या आमच्या मातकामाच्या बाई, आणि माझ्या वर्गबंधू-भगिनींनो,

हे भाषण मी परवाच सांगून लिहून घेतलं. तरी पैजेवर सांगते, बाई आत्ता चष्मा शोधत असणार. बाई, डोक्यावर आहे.

मी पहिल्या रांगेत धडधाकट बसलेली असताना माझं भाषण नात का वाचतेय, असा प्रश्न अध्यक्षांना पडला असेल. जरा धीर धरा.

दोन वर्षं मी बाईंकडे शिकते. मातीच्या वळ्या रचून भांडं उभं करणं महिन्याभरात जमलं. जन्मभर कणीक मळलेले हात आहेत. छळ सुरू होतो तो त्यानंतर. रबरी पिचकारीत पातळ रंगीत माती भरायची आणि भांड्यावर नक्षी ओढायची, केकवर ओढतात तशी, बोटाला लागेल अशी उठावाची. भांडं ओलं असलं तर रेघ ओघळते. जास्त सुकलं तर पोपडे पडतात. मग मधली वेळ ओळखायची कशी? बाई म्हणतात, "आजी, गालाला लावून बघा. गार लागलं पण चिकटलं नाही, की ओढा." दोन वर्षं मी भांड्यांना गाल लावतेय. एवढे लाड मी नवऱ्याचेसुद्धा केले नाहीत. तरी दर खेपेला काहीतरी बिघडायचंच.

बाई जाणार हे कळल्यावर मी त्यांच्यासाठी बरणी करायला घेतली. निळी जमीन, त्यावर हिरवी पानं, चौदा. या खेपेला एकही रेघ ओघळली नाही. गेल्या सोमवारी भट्टी उघडली, तर बरणी निळी आणि पानंही निळी! दहा पावलांवरून बघाल तर नुसता निळा ठोकळा.

झालं असं, की कच्चे असताना हे दोन्ही रंग राखाडीच दिसतात. खरा रंग भट्टीत उमटतो. डब्यांवर बाईंनी ठळक अक्षरांत चिठ्ठ्या लावल्यात. मी मात्र झाकणावरून ओळखायचे. निळ्याचं टवका उडालेलं, हिरव्याचं धड. सकाळी मी निळी जमीन दिली आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या वर्गातल्या शिंपीणबाईंनी उत्साहाच्या भरात सगळी झाकणं घासून हाताला येतील तशी बसवली.

बाईंनी बरणी हातात घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "आजी, चिठ्ठी नाही वाचलीत?"

मी म्हटलं, "चष्मा विसरले."

बाई, मला चष्मा नाहीच. सुईत दोरा अजून मी ओवते. मला वाचता येत नाही. एक अक्षरही नाही. (पोरी, थांबू नकोस, पुढे वाच.)

तुम्ही फळ्यावर लिहायचात आणि मी चष्मा विसरायचे. तुम्हाला वाटायचं, म्हातारी ऐकत नाही. या एका गोष्टीने माझा जीव नुसता चडफडतो. तुम्ही तोंडाने सांगितलेलं मी काही म्हणजे काही सोडलं नाही; निसटलं ते फळ्यावरचं. तुम्ही जाण्याआधी हे तुम्हाला कळायलाच हवं होतं. आठवडाभर तोंडातून फुटेना, म्हणून नातीचा आवाज उसना घेतला. आणि आता कुठे हात बसत होता, तर निघालात! ही काय जायची वेळ आहे?

समोर कागदात बांधलेली ती बरणी आहे. उघडा. दिसणार काही नाही. डोळे मिटून बोट फिरवा आणि मोजा.

बाई मोजताहेत तोवर आभार उरकते. संस्थेने पहिल्या रांगेतली खुर्ची दिली, शिंपीणबाईंनी झाकणं लख्ख केली, दोघांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाला बोचलं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात चुकलं असेल तर नातीला धरा, मला तपासता येत नाही.

आणि बाई, बरणी तुमचीच. पण नव्या गावी बस्तान बसलं, की एकदा संत्र्याचा मुरंबा भरून माझ्याकडे पाठवा. साखर बेताची, साली बारीक कापलेल्या. वर चिठ्ठी लावू नका. काय आहे ते मी चाखून ओळखीन.