केरेन म्हना, केरेन!

...आन वर मलाच इचारत्यात, "सहादेवा, पोरगी केरात सापडली हुती का रं?" आता काय बोलावं मानसानं? तुमाला सांगतो, चांगली आईच्या पोटी, घरात जलमली, पन नाव ठिवलं केरेन, आन तितनं सगळा इस्कोट झाला! के-रे-न. काय अवघड हाय, सांगा तुमीच!

बारशाला आमची थोरली भन गोजरबाई आत्या म्हनून पाळन्यापाशी बसली. तिला धा डाव सांगितलं, अक्का, केरेन. "व्हय व्हय, कळलं की!" म्हनली, आन वाकून कुर्रर्र करून वरडली काय, तर... "केराबाई!" बाया खूश! म्हनल्या, बेस केलं, असलं वंगाळ नाव ठिवलं की यम बी शिवत न्हाई. अवं, पन मी मरन टाळाया कुटं ठिवलंवतं? मेलेल्यापायीच ठिवलंवतं की!

आमच्या गावातनं दोघंच पलटनीत गेल्तो, मी आन बनुबाईचा शिरमंत. श्रीगोंद्याच्या फुडं कदी न गेलेली मानसं, सायबानं बोटीत घातली आन उतरवली आफ्रिकेत. तितं ह्ये केरेन गाव. त्याच्या आडवा डोंगर, असा उभा, की बकरं बी इचार करंल. वर इटालियन, खाली आमी, प्यायाला पानी घोटघोट... तशात शिरमंताचं तोंड बंद हुतंय व्हय? "सहादेवा, ह्या केरेनवानी कुनी छळलं न्हाई बग मला. तुला पोरगी झाली की हेच नाव ठिव, जावई जलमभर चढत बसंल!" लई हसलो. त्या दिशी वर गेलो दोघं. खाली आलो एकटा.

ह्ये गावात सांगितलं न्हाई असं न्हाई. सांगितलं! तर शेजारचा छगन म्हनतो, "आफ्रिकेत केर लई असंल मग." झालं! शाळंचं मास्तर भेटलं, ते शहाने, "अरे, शुद्ध शब्द किरण आहे." आमची कारभारीन तर सरळ "कैरे, ये गं!" के-रे-न. काय अवघड हाय, सांगा तुमीच!

त्यात गोवराची साथ आली. घरोघर पोरं तापानं फनफनली, आन आमची आपली अंगनात माती खातीया! बाया म्हनल्या, नावाचा गुन! मग काय, त्या साली जी पोरगी जलमली ती केराबाई. छगनच्या घरी केराबाई, मळ्यात दोन, येशीपाशी एक. कुनी हाक मारली की मी दचकतो, आन हाक दुसरीलाच असती. रानात मोट हाकताना मी एकलाच म्हनतो, केरेन... बैल कान हलवत्यात. तेवढंच.

शेवटी पोरीला घेऊन बनुबाईकडं गेलो. म्हातारी एकटीच ऱ्हाती. म्हनलं, हिला तरी आलंच पायजे, हिचा लेक हाय तितं. "म्हन मावशे, केरेन." "क्येरं." "केरेन." "क्येरान." तोंडात दात न्हाई, जीब भलतीकडंच जाती, तरी म्हातारी घोकतीया, घोकतीया... डोळ्याला पानी आलं तिच्या. पदर तोंडाला लावून म्हनली, "सहादेवा, माजा लेक गिळला त्या डोंगरानं. त्या डोंगराचं नाव माज्या तोंडात न्हाई बसत रं. मी आपली हिला शिरमंत म्हनते. चालंल?"

पोरीच्या जातीला शिरमंत? चालंल म्हनलं.

तवापास्नं सांज-सकाळ म्हातारी दारातनं हाक मारती, "शिरमंताऽऽ!" आन आमची पोरगी, केराबाई म्हना, कैरी म्हना, किरण म्हना, कश्शाला बी ओ न देनारी, झगा सावरत पळत सुटती! गाव हसतंय. मी बी हसतो. नाव भलत्याचंच, त्येबी गड्याचं... पन उच्चार, तुमाला सांगतो, एकदम बरोबर!