उजवीकडची वायर

हॅलो?… हां वर्षे, मीच. आई… अगं आत्ताच आलो बीडहून. पाय पण धुतले न्हाईत अजून. तुझे दोन मिसकॉल दिसले, पण दवाखान्यात कसा उचलायचा?

न्हाई, न्हाई, मला काय झालं न्हाई. तुझ्या नानांना घेऊन गेलते. कानाच्या डॉक्टरकडं.

हो, कान. उजवा… अगं ऐक ना. पहिल्यापासून सांगते, मधी बोलू नको.

नानांचं ते साउंडचं वेड तुला ठाऊकच हाय. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून रोज सकाळचा चहा झाला की दोन स्पीकरच्या बरोबर मधी खुर्ची टाकायची न् बासरीची सीडी लावायची. बासरी कशी समोर, मधोमध वाजली पाहिजे… हां, तेच. तर यंदा पोळा झाला, न् दुसऱ्याच दिवशी म्हणायला लागले, बासरी डावीकडं सरकली. मी बसून ऐकलं. मला तर होती तिथंच वाटली. पण ते म्हणले, उजवीकडची वायर खराब झाली असंल.

कोणती म्हणजे… ती गं, सीडीच्या मशीनमधून ॲम्प्लिफायरला जाती ती. एक पांढऱ्या टोकाची, एक लाल. लाल ती उजव्या स्पीकरची.

मग काय, दीड महिना हेच. टोकं घासली, परत जोडली. संभाजीनगरच्या बद्रीनाथभाऊजींना फोन झाले… हां, तेच, नानांच्या खात्यातले, त्यांना पण हाच नाद. त्यांनी एक जाड निळी वायर कुरिअरनं धाडली, तशीच पांढऱ्या न् लाल टोकांची. म्हणले, जुनी चांगली का ही चांगली, तूच सांग, तुझ्यासारखा कान आपल्यात कुणाचा न्हाई.

परवा रविवारी बसलो मग. नाना म्हणले, डोळ्यानं बघून ऐकलं की मन फसवतं. म्हणून डोळ्याला टॉवेल बांधला न् मला म्हणले, दहा वेळा वायर बदल, कधी जुनी लाव, कधी निळी, मला सांगू नको. ते ऐकून सांगणार, न् मी क्यालेंडरच्या मागं लिहिणार.

मला येतं गं तेवढं. नुसतं खोचायचं तर असतं.

सहा झाल्या. सातव्याला शेजारच्या वत्सलाबाई विरजण मागायला आल्या. त्यांना वाटी दिली न् घाईघाईनं येऊन वायर लावली, सीडी चालू केली. तर बासरी पार डाव्या कोपऱ्यात गेली. उजवा स्पीकर मुकाच. बघते तर लाल टोक माझ्या हातातच राहिलंतं.

हो ना. मला वाटलं, आता म्हणतील, काय केलंस गं. मी थांबले… न्हाई. काईच न्हाई बोलले. मान तिरपी करून शांत ऐकलं सगळं. न् म्हणले, "निळी. लिही. ही जरा बरी वाटती."

…



न्हाई, लगेच कशी सांगू? आधी मला कळंचना. मग आठव्याला मी मुद्दाम केलं. जुनी वायर लावली न् लाल टोक तसंच बाहेर ठेवलं. वाईट वाटत होतं करताना, तरी ठेवलं… तेच. ऐकत बसले, फरक काई न्हाई.

तवा मला कपिलधार आठवलं. पोळ्यानंतरच्या सोमवारी दर्शनाला गेलतो ना आमी. पायऱ्या उतरताना हे सारखे फिरून माझ्या उजव्या हाताला यायचे. मी इकडं झाले की परत तिकडून यायचे. मी विचारलं, कावून असं करताव? तर चिडले. मी पण मग बोलले न्हाई दिवसभर.

हो, सांगते. दहा झाल्यावर टॉवेल सोडला न् कागद मागितला. मी देईना. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी म्हणलं, सातव्याला न् आठव्याला उजवीकडची वायर लावलीच नव्हती. एवढंच म्हणलं मी.

न्हाई गं, रागावले न्हाईत. खुर्चीतच बसले. मग म्हणले, "गीता, मला पहिल्याच दिवशी कळलंतं. मी डावी-उजवी उलटी लावून बघितली. बासरी उजवीकडं जायला पाहिजे होती. न्हाई गेली. पस्तीस वर्षं लाइनीतला फॉल्ट काढला मी. मशीनमधी काई न्हाई, हे तिथंच कळलं."

हो. दीड महिना माहीत होतं त्यांना.

मी पण तेच विचारलं, मग वायरी कशाला मागवल्या? तर लई हळू बोलले. "एखादी वायर तपासायची राहिली असली, तर दोष वायरीत हाय असं म्हणता येतं."

…

रडू नको. तू रडलीस तर मला सांगता येणार न्हाई.

डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावून. तपासणीच्या कागदावर डाव्या कानाची रेघ बरी हाय. उजव्याची पार तळाला. नस गेली म्हणले, एकाएकी जाती कधीकधी. पहिल्या आठ-दहा दिवसांत आले असते तर औषधानं बघता आलं असतं. आता आशा कमी हाय म्हणले… हो, गोळ्या दिल्यात, महिन्यानं परत बोलावलंय.

हे बघ, तू त्यांना तसं म्हणू नको. आधी कावून न्हाई दाखवलं, हा एक शब्द काढायचा न्हाई. त्यांचं त्यांना कळतंय… आणि माझं मला. कपिलधारला गेलो तवा सहाच दिवस झालते, वर्षे. मी चिडून गप न बसता नीट विचारलं असतं, तर तिथूनच बीडला गेलो असतो.

म्हण तू काय बी. मला वाटायचं ते वाटणारच.

बसमधी मी त्यांना उजवीकडची खिडकी दिली, म्हणजे मी त्यांच्या डाव्या बाजूला येते. मांजरसुंबा गेलं. मग मोबाइल काढून बद्रीनाथभाऊजींना लिहीत बसले. पाठवायच्या आधी मला दाखवलं. "दोन्ही वायरी सारख्याच हायत. हे मत गीताचं धर. माझा उजवा कान गेला, आता मला विचारत जाऊ नको."

हो, पाठवलं. मी म्हणलं, शेवटचं वाक्य काढा. न्हाई काढलं.

शनिवारी ये. पोरीला पण आण… जेवायला त्यांच्या डाव्या अंगाला बस, न् ओरडून बोलू नको, डावा चांगला हाय. डॉक्टर म्हणले, ऐकू येईल, पण आवाज कोणत्या बाजूनं आला ते समजणार न्हाई. मला काई उमगलं न्हाई ते, मी नुसती मान हलवली.

थांब, हाक मारतायत. परसात हायत… आले ओ!… हां, बोल तू… आले म्हणलं ना, हितं हाय मी!

वर्षे… अगं, मी खिडकीतच उभी हाय. समोर, दहा पावलांवर. न् ते गोठ्याकडं बघतायत… आता वळून रस्त्याकडं… मला हुडकतायत गं.

न्हाई, हाक न्हाई मारत आता. जाऊन समोरच उभी राहते. ठेवते.