डब्यात ठेवलेले गणपती

छायाचित्राला मरण नाही, असं मी कॉलेजात असताना वाचलं होतं आणि ते मला पटलंही होतं. मग १९९९च्या जूनमध्ये पेणच्या एसटी स्टँडवर एक मूर्तिकार आणि त्याची बायको माझ्या शेजारी येऊन बसले. दिनेश नावाच्या पुतण्यानं बहारीनहून आणलेला, रोल न लागणारा कॅमेरा तिच्या मांडीवर होता.

“जने, फोटो दाव गो. रोह्याचा दुकानदार फोटो बघंल, तवा शंभर मूर्तींची ऑर्डर देल.”

“दिनेश बोलला, ही चकती त्रिकोणाच्या चित्रावर ठेवली का काढलेले दिसतात.”

“मंग दिसत का नाय?”

“तुमी फुलावर ठेवून काढले ना?”

“व्हय. गणपतीला फूलच लागतं. डोंगरावर ठेवून काय करू?”

“काल दिसत व्हते. सोंड जरा धुरकट व्हती.”

“मंग आता गेले कुठं?”

“मी डब्यात ठेवले.”

“कंच्या डब्यात?”

“ह्यो काय, बटनावर झाकणाचा डबा काढलाय. उघड्यावर कशाला ठेवायचे? त्यानं इंग्रजीत कायतरी इचारलं, मी व्हय केलं.”

“सगल्यांना?”

“अकराच्या अकरा.”

“मंग डबा उघड ना गो!”

“कसा उघडायचा, तेच सकालपास्ना शोधतेय.”

रोह्याची गाडी लागली. दोघांच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मूर्तिकारानं ते छातीशी धरून पायरीवर पाय ठेवला.

“त्यात काय हाय?” कंडक्टरनं विचारलं.

“गणपती. फोटो काढले, तोच.”