निळ्या वायरचा हार

तुम्ही भुताला भेता, मी झेंडूच्या हाराला भेतो. हसू नका, ऐका.

बिदरच्या एका कॉलेजात मी सर्व्हर सांभाळायचो. दोन नव्या मशिनी आल्या, एकेकीत दहा-दहा सर्व्हर चालवायचे होते. प्रत्येकात सिस्टीम भरायला सीडी घालत कोण बसणार? मी सोय केली, की त्या नेटवर्कवर जी मशीन चालू होईल तिची डिस्क आपोआप पुसायची अन् नवी सिस्टीम भरायची. जुनी मशीनही त्याच नेटवर्कवर होती. सगळ्या पोरांचे मार्क तिच्यात, दुसरी प्रत न्हाई. पण ती कधी बंदच होत नव्हती, म्हणून मी निर्धास्त.

खंडेनवमीला आमच्या हेडक्लार्क शांताक्कांचा फोन आला. "पूजा झाली बघ. मशिनींना इसावा म्हणून बंद केल्त्या, आता चालू केल्या."

"जुनी पण?"

"व्हय, तिला कामून सोडू?"

मैलूरच्या घरून मोटरसायकल कशी हाणली, आठवत न्हाई. आत दोन्ही नव्या मशिनींची डिस्क पुसणं चालू होतं. तिसरीकडं बघायची हिंमत होईना. डोळे मिटूनच विचारलं, "अक्का, जुनीवर काय दिसायलंय?"

"नेहमीचंच. पासवर्ड मागायलीय."

डोळे उघडले. जुन्या मशिनीवर हार होता, नेटवर्कच्या निळ्या वायरनं बांधलेला.

"दोरा सरला होता रे," अक्का ओशाळल्या. "म्हणून हिच्याच मागची ही वायर काढली. थांब, परत लावते अन् बंद करून चालू करते."

"अक्का, हात लावू नका!"

ती सोय मी तिथंच बंद केली, मार्कांची प्रतही काढली. तरी तो हार दिवाळीपर्यंत तिथंच वाळला. सोडायची माझी छाती झाली न्हाई.