पालखीपुढची घोडी

सातारा स्टँडवर मेढ्याच्या एसटीच्या रांगेत ऋचाच्या पुढं एक शेतकरी जोडपं उभं होतं. नुकतीच प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या ऋचानं ‘घोडी’ हा शब्द ऐकला आणि हातातलं पुस्तक मिटलं.

“शनवारी जत्रंत हलगी वाजली आन् आपली घोडी उधळली, तर पालखीम्होरचा मान भावकीत जाईल, अंजना.”

“न्हाई उधळायची.”

“गेल्या महिन्यात तिच्या कानाशी हलगी बडवली, तवा नुसती थरथरायची.”

“तुमच्या कानाशी बडवली तर तुमी काय कराल?”

“मग दुसरं काय करायचं?”

“तुमी रानात गेला की धाकट्या जावंला हलगी घिऊन लांब बांधावर हुबी करती. हितं घोडीला भरडा देती. तिचं खाणं थांबलं की मी हात वर करती, हलगी बंद. रोज चार पावलं जवळ.”

“कवापास्नं?”

“तीन आठवडं झालं. काल गोठ्याच्या दारात वाजत हुती, आन् बाईसाहेब मान खाली सोडून निवांत हुत्या.”

“मी धरली की मातर कान टवकारती.”

“तुमी लगाम आवळून धरता. श्वास बी अडकल्याला असतो तुमचा. तिला वाटतं, धन्यालाच भ्या वाटतंय.”

“वाटतंयच की.”

“ठावं हाय मला.”

एसटी लागली. रांग हलली, पण तो हलला नाही.

“शनवारी लगाम तूच धर.”

“आवं, पालखीम्होरं बाईनं कवा धरलाय?”

“घोडीला कुठं ठावं हाय?”

“आन् तुमी?”

“मी मागनं येतो. श्वास सोडत.”