चार मामांची लग्नपत्रिका

माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेची गंमत सांगतो. तिच्या चारही मामांनी मला वेगवेगळं गाठून एकच बजावलं होतं, "माझं नाव पहिलं नसंल, तर मी लग्नाला येणार न्हाय."

मी वहीत चार नावांचे सगळे क्रम मांडले. चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे चोवीस.

छापखानेवाला हादरला. "पावणं, चोवीस तऱ्हा छापायच्या व्हय?"

"चारच बास. ज्याच्या घरी जाईल, त्याचं नाव पहिलं."

पत्रिका पोचल्या आणि कागलहून थोरल्या मामांचा फोन आला. "दाजी, माझं पहिलं हाय, झ्याक हाय. पण माझ्याखाली लगेच ते धाकटं कसं?"

"बदलून देतो की," म्हणालो आणि वही उघडली. अजून वीस क्रम शिल्लक होते.