काकू, काळजी करू नका

नाही हो, रागावले नाही — फक्त ताई म्हणू नका, एवढंच. नावाने हाक मारा, नुसतं 'अहो' म्हणा, काहीच म्हणू नका, या घरात ऐकायला दुसरं आहे कोण. आणि खरं सांगायचं तर तुम्हीच माझ्यापेक्षा मोठे आहात — कसं कळलं म्हणजे? तुमचे प्रवेशाचे कागद विद्यापीठात माझ्याच टेबलावरून गेले ना. मीही शिकायलाच आले होते, मग तिथेच चिकटले. चाळिशीला टेकलेला माणूस नोकरी सोडून शिकायला येतोय म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी फोटो पाहिला — फोटो काही बरा नाही आला तुमचा, असो. बसा. ती नको, ती खुर्ची डुगडुगते, इकडे बसा. मोजे ओले असतील तर त्या हीटरच्या गरम पाइपवर टाका, वास आला तरी बिघडत नाही, खाली लॉन्ड्री आहे, त्या साबणाच्या वासापुढे कुणाचं काही चालत नाही. चहा घ्या आधी.

गाडीत विचारत होतात ना, इथे माणसं कशी भेटतात? भेटतात. म्हणजे बाहेर पडलात तर. पहिला आठवडा पडदा ओढून झोपून काढू नका, मी तेच केलं होतं. मला घ्यायला कुणी आलं नव्हतं — बसथांब्यावर बॅगेवर बसून राहिले, पत्ता लिहिलेला कागद हातात भिजून गेला, आणि मग या खोलीत आठवडाभर कुणाशी म्हणून बोलले नाही. शेवटी इस्त्रीशी बोलायला लागले. हसा, हसा. चांगली इस्त्री होती, मध्ये बोलायची नाही. तेव्हाच ठरवलं, आपली भाषा बोलणारं कुणीही आलं की मी घ्यायला जाणार. दरवर्षी दोघं-तिघं असतात — येतात, त्या आतल्या खोलीत झोपतात, जेवतात, आईला सांगतात की इथे एक ताई भेटली, आणि महिनाभरात त्यांना त्यांची माणसं मिळतात. मिळायलाच हवीत. मग माझी आठवण नळ गळायला लागला की. बाकी — बाकी काही तक्रार नाही.

प्रेमाबिमाचं विचारताय? मला? — नाही, तुम्ही नाही विचारलं, मीच म्हटलं. सांगते. इथेच बसायचा तो, तुम्ही बसलात तिथेच. बँकेतली नोकरी सोडून आलेला, म्हणून सगळे मॅनेजर म्हणायचे. तोही माझ्याहून मोठा. रविवारी आम्ही दोघं खाली कपडे धुवायला जायचो — त्याचे शर्ट आणि माझे कुडते एकाच यंत्रात, आणि समोरच्या बाकावर बसून ते गोल फिरताना बघत राहायचं. फारसं बोलायचो नाही. बोलावं लागायचं नाही. एकदा माझी ओढणी त्याच्या बाहीत अशी अडकली की दोघांनी मिळून सोडवायला बराच वेळ लागला — मला तर वाटत होतं — असो. शर्टांच्या घड्या मीच घालायचे. तो म्हणायचा, ताई, तुझ्यासारखी घडी आईलाही जमत नाही.

हो ना. ताई. ते मीच करून ठेवलं होतं. तो आला त्या दिवशी असाच मोजे काढून बसला होता, आणि त्याच्या आईचा फोन आला. बाई रडत होत्या. नवरा नुकताच गेलेला, एकुलता एक मुलगा इतक्या लांब, कुठल्या कोण बाईच्या घरी. त्याने फोन माझ्या हातात दिला. मी काय बोलणार? म्हटलं, काकू, काळजी करू नका, मी त्याची ताईच आहे असं समजा. लगेच शांत झाल्या. एका वाक्यात. त्यालाही बरं वाटलं, पाय पसरून बसला. मलाही वाटलं, बरं केलं. पण नंतर ते वाक्य परत कसं घ्यायचं? तुम्ही सांगा. तापाने पडला होता तेव्हा मी उशाशी बसून होते — एकदा त्याने हात घट्ट धरला, आणि म्हणतो, ताई, आईला कळवू नकोस.

मग ती भेटली. इथलीच, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. त्याला गादी घ्यायची होती आणि मला वेळ नव्हता, तर मीच दोघांना दुकानात पाठवलं. संध्याकाळी दोघं हात हलवत परत आली, तोंडभर हसत — गादी आणलीच नाही. मला तेव्हाच कळलं. त्याच्या आईला परकी सून नको होती. मग समजूत घालायला त्याने कुणाला सांगितलं असेल? मी त्यांच्याशी फोनवर तासन्‌तास बोलले. तिची बाजू इतकी छान मांडली, की शेवटी त्या म्हणाल्या, सख्ख्या बहिणीनेही एवढं केलं नसतं. आता त्या दोघांची मुलगी बोलायला लागलीय. गेल्या आठवड्यात दारातच मला बघून म्हणाली, आत्या. अगदी स्वच्छ. दोघांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

म्हणून म्हणते, ताई नको. तुमच्यासाठी काही विशेष नाही — म्हणजे गैरसमज नको — आता कुणालाच म्हणू द्यायचं नाही असं आपलं ठरवलंय. मघाशी जिन्यात माझी पिशवी उचललीत ना तुम्ही, न सांगता, तेव्हा वाटलं की — बघा, किती बोलतेय मी. रविवारी सकाळी खालची यंत्रं रिकामी असतात. यायचं असेल तर या. मी एकटीच असते, तसं काही —

फोन वाजतोय तुमचा. आईच असतील. बोला ना, मी आत जाते. — नाही, मला नको. तुम्हीच सांगा पोचलो म्हणून. माझ्याशी कशाला — अहो, नको ना. — रडतायत? — आणा.

हां, काकू, नमस्कार. हो, सुखरूप पोचले. जेवतील ना, भात टाकलाय. नाही, एकटे कसे, मी आहे ना इथे. नका ना रडू. — काकू, ऐका माझं, काळजी करू नका. हो. — हो, ताईच.

घे, बोल आईशी. आणि तो चहा संपव, गार झाला. तुझी खोली ती आतली. कडी लावून घे.